काथ्याचे टाके

कोकणातला मे महिना म्हटला की आंबे, फणस, करवंदं आणि दुपारची झोप एवढंच डोळ्यांपुढे येतं. माझ्याही डोळ्यांपुढे तेवढंच होतं. २०१७ साली मे महिन्याच्या सुरुवातीला मी मालवणच्या दक्षिणेला असलेल्या आमच्या गावी गेलो, तेव्हा पिशवीत दोन कादंबऱ्या होत्या आणि महिनाभर काहीही करायचं नाही असा पक्का निश्चय होता. तो निश्चय दुसऱ्याच दिवशी मोडला. मोडला तो एका मोडक्या होडीनं. त्या होडीची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. मी इतिहासाचा शिक्षक. जवळजवळ तीस वर्षं मुलांना प्राचीन भारताचा सागरी व्यापार शिकवला. पण त्या विषयातला सगळ्यात मोलाचा धडा मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून वाळूत बसल्यावर मिळाला.

आमच्या घराच्या मागे माडांत एक मांगर आहे. त्यात नांगर, जुनी जाळी, मोडके पिंप असं सगळं पडलेलं असतं. त्याच मांगरात माडाच्या दोन ओंडक्यांवर आमच्या आजोबांची होडी पालथी घातलेली होती. बारा-तेरा हात लांब, एका अंगाला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची उलांडी. काका गेल्यापासून नऊ वर्षं ती पाण्यात गेली नव्हती. तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत. तिची डोलकाठी कपडे वाळत घालायला आणि सुकाणू न्हाणीघराच्या दाराला अडसर म्हणून वापरात होतं.

माझा चुलतभाऊ मासेमारी करतो. त्याची फायबरची होडी आहे, तिला मागे इंजिन आहे आणि त्या इंजिनाचा बँकेचा हप्ता आहे. त्यानं मला सरळच सांगितलं, "दादा, हॉटेलवालो बरे पैसे देता. बागेत ठेवतलो. तिच्यात बर्फ घालून वर मासे मांडतलो. माझे दोन हप्ते सुटतले." त्याचं काही चुकत नव्हतं. नऊ वर्षं ती होडी त्याच्या जागेत पडली होती आणि मुंबईत बसून तिच्याबद्दल हळवं होणं मला सोपं होतं. मी हो म्हणणार होतो. पण हॉटेलवाल्याला दाखवायला म्हणून आम्ही चौघांनी ती उलथी केली आणि तिच्या पोटात ऊन पडलं.

त्या होडीला एकही खिळा नव्हता. एका फळीच्या कडेला दुसऱ्या फळीची कड लावून, दोन्हींना जोडीजोडीनं भोकं पाडून, काथ्याच्या दोरीनं त्या शिवलेल्या होत्या. सांध्यावर आतल्या बाजूनं काथ्याची जाड वळी ठेवून तिच्यावरून उलटसुलट टाके घातले होते. आपण गोधडी शिवतो, तशी ती होडी शिवलेली होती. लहानपणी मी या होडीत शेकडो वेळा बसलो असेन. पण तिचे टाके मी पाहिले नव्हते. पाहिले असतील, तर त्यांत पाहण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं. आता मात्र माझ्या अंगावर काटा आला. कारण हे मी वाचलेलं होतं, परीक्षेत त्यावर प्रश्न काढलेले होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावानं ती ओळखली जाते. तिच्यात आपलं कल्याण आहे, चौल आहे. आणि अरबस्तानच्या किनाऱ्याबद्दल लिहिताना तिथे शिवलेल्या होड्या होतात, हेही त्यानं नोंदवलंय. त्यानंतर सहाव्या शतकातला बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियस सांगतो, की या समुद्रातल्या होड्यांना लोखंडी खिळे नसतात, त्या दोरीनं बांधलेल्या असतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनं होर्मुझला अशी जहाजं पाहिली आणि नाक मुरडलं. नारळाच्या काथ्यानं शिवलेली ही जहाजं फार वाईट, त्यांतली कितीतरी बुडतात, असं त्यानं लिहिलं. चौदाव्या शतकात इब्न बतूता आला. त्यानं मात्र उलटी साक्ष दिली. खिळ्यांचं जहाज खडकावर आपटलं तर फुटतं, दोरीचं जहाज लवचीक असल्यामुळे तगतं, असं त्याचं म्हणणं. म्हणजे निदान दोन हजार वर्षं या अरबी समुद्रातला व्यापार टाक्यांवर चालला होता. आणि त्या दोन हजार वर्षांचं शेवटचं टोक आमच्या मांगरात कोंबड्यांच्या खाली पडलं होतं!

मी भावाला म्हटलं, मला एक महिना दे. मृग लागायच्या आत ही होडी शिडावर खाडीच्या मुखापर्यंत जाऊन परत आली, तर ती राहील आणि तुझे दोन हप्ते मी भरीन. नाही गेली, तर हॉटेलवाला. तो हसला आणि म्हणाला, "शिवतलो कोण?"

प्रश्न बरोबर होता. आमच्या किनाऱ्यावर रापणीच्या होड्या अशाच शिवलेल्या असत. रापण म्हणजे किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. ते घेऊन लाटांतून आत जाणारी आणि पुन्हा वाळूवर येऊन आदळणारी होडी लवचीक हवी, म्हणून ती शिवायची. पण ट्रॉलर आले, रापणी कमी झाल्या, फायबर आलं. गावात टाका घालणारा एकच माणूस उरला होता. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणत असू. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते काठी टेकत आले, होडीपाशी उकिडवे बसले आणि न बघता बोटं सांध्यावरून फिरवत गेले. मग म्हणाले, "झिला, होडी पाण्यान मोडणा नाय, उन्हान मोडता. आणि हिका तर तुमी सावलीत मारलात."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "तुझ्या आज्यान हिका शिवल्यान, तेवा मी दोरी ओढूक होतंय." तेव्हा ते दहा-बारा वर्षांचे असणार. म्हणजे होडीचं वय सत्तरीच्या आसपास. मला वाटलं, चला, तारीख मिळाली. पण इतिहासात तारीख इतकी सहज हाती लागत नाही. जुने टाके उसवायला घेतले तेव्हा तळाकडच्या एका फळीत भोकांची दुसरीच एक रांग सापडली. त्या भोकांत लाकडी खुंट्या ठोकून ती बुजवलेली होती आणि आताच्या टाक्यांशी तिचा काही संबंध नव्हता. आबांनी त्यावर बोट ठेवलं आणि ती आधीच्या होडीची फळी असल्याचं सांगितलं. आजोबांनी जुनी होडी उसवून तिची चांगली फळी नवीत घातली होती. शिवलेल्या होडीचं हे एक वैशिष्ट्य. खिळा काढताना लाकूड फाटतं. दोरी कापली की फळी जशीच्या तशी मोकळी होते. त्यामुळे त्या होडीचं खरं वय किती, हे मला आजही सांगता येणार नाही. पुसून पुन्हा लिहिलेल्या पाटीसारखी ती फळी होती.

कामाला सुरुवात झाली. आधी दोरी. बाजारात मिळते ती दोरी चालत नाही असं आबा म्हणाले. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात काही महिने कुजवायची, मग ती ठोकून धागा काढायचा, तो हातानं वळायचा. खाऱ्या पाण्यात कुजलेला काथ्या खाऱ्या पाण्यात टिकतो. एवढा वेळ आमच्याकडे नव्हता. पण आबांच्या माळ्यावर त्यांनी स्वतः वळलेली दोन वेटोळी होती, कोणासाठी ठेवली होती ते त्यांनाच ठाऊक. पहिले आठ दिवस जुने टाके उसवण्यात गेले. एक तळफळी कुजली होती, तिच्या जागी फणसाची नवी फळी बसवली. मग गिरमिटानं भोकं.

शिवणं हे दोघांचं काम. एक आत, एक बाहेर. आतल्यानं दोरी भोकातून बाहेर सारायची, बाहेरच्यानं ओढून शेजारच्या भोकातून परत आत द्यायची. प्रत्येक टाका लाकडी दांड्याला गुंडाळून ताणायचा आणि तो सैल पडू नये म्हणून भोकात तात्पुरती खुंटी मारायची. टाका पुरेसा ताणला की नाही हे आबा डोळ्यांनी पाहत नव्हतेच. ते दोरीवर नखानं टिचकी मारत आणि कान देत. मी दोन दिवसांत हुशारी करायला लागलो. घट्ट म्हणजे चांगलं, असं मानून एक टाका जीव खाऊन ओढला आणि फणसाची ती नवी फळी भोकापासून कडेपर्यंत तडकली. भाऊ काही बोलला नाही, पण त्यानं मोबाइल काढून हॉटेलवाल्याचा नंबर शोधल्यासारखं केलं. आबा मात्र शांत. त्यांचं म्हणणं, की टाक्यानं फळीला धरायचं असतं, बांधून घालायचं नसतं. समुद्रात फळीला हलावं लागतं. दुसरी फळी कापली. त्यात चार दिवस गेले.

त्या चार दिवसांच्या दुपारी मला एक जुना प्रश्न पुन्हा छळू लागला. आपल्या लोकांना लोखंड माहीत होतं. मग खिळे का नाही वापरले? अकराव्या शतकातल्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथात कारण दिलंय, की समुद्रातले चुंबकाचे खडक लोखंड ओढून घेतात. पण ही ऐकीव गोष्ट खरी नाही, असं प्रोकोपियस सहाव्या शतकातच सांगून गेला होता. खरं कारण आबांच्या नखाच्या टिचकीत होतं. आमच्या किनाऱ्यावर धक्के नव्हते. होडी लाटेवर स्वार होऊन थेट वाळूवर यायची. दर वेळी तळाला दणका. ताठ होडी अशा दणक्यांनी खिळखिळी होते, शिवलेली होडी थोडी वाकते आणि पुन्हा सरळ होते. शिवाय लोखंड विकत आणावं लागतं आणि खाऱ्या पाण्यात गंजतं. माड मात्र दारात असतो.

मग खिळा जिंकला कसा? १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला, १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. त्यांच्या जहाजांवर जड तोफा होत्या. तोफ उडाली की मागे दणका बसतो आणि तो सोसायला जाड फळ्यांचं, खिळ्यांनी जखडलेलं ताठ जहाज लागतं. व्यापाराच्या समुद्रावर तोफा आल्या आणि मोठ्या जहाजांचा टाका हळूहळू उसवत गेला, असं अनेक अभ्यासक मानतात. पुढचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी आरमार उभं केलं, १६६४ साली सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं या किनाऱ्यावर फिरली. १७५६ साली विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. मुंबईला १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया आले आणि त्यांच्या घराण्यानं इंग्रजांना सागवानी युद्धनौका बांधून दिल्या. त्यांतली १८१७ सालची 'त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून जपून ठेवली आहे. हा सगळा मोठ्या जहाजांचा इतिहास. त्याला दफ्तरं आहेत, पत्रं आहेत, लढायांच्या तारखा आहेत.

पण लहान होडीला दफ्तर नसतं. आमच्या आजोबांच्या होडीनं काय केलं? खाडीपलीकडून नारळ आणले. मंगळुरी कौलं मोठ्या मचव्यातून उतरवून घरोघर पोचवली. किनाऱ्यापासून लांब उभ्या राहणाऱ्या आगबोटीला गाठायचं, तर पडाव धरायला माणसं आधी होडीतूनच बंदरावर जात. माझी आत्या लग्न होऊन याच होडीतून सासरी गेली आणि पुढे आजारी पडल्यावर याच होडीतून तिला डॉक्टरकडे आणलं. यांतलं काहीही कुठल्या कागदावर नाही. कागद एकच. ती होडी. आणि तो वाचता येणारा माणूस एकच, ज्याला आता दिसत नव्हतं.

शिवण संपली. भोकांत काथ्याचे बोळे आणि राळ ठासली. मग बाहेरून तेल. आमच्याकडे काजूच्या टरफलाचं तेल लावतात. ते वाळवीला आणि पाण्यातल्या किड्यांना मारतं, तसंच माणसाच्या कातडीलाही सोडत नाही. हे मला सांगितलेलं होतं, पण हाताला फडकं गुंडाळायचा मी कंटाळा केला. दुसऱ्या दिवशी तळहातावर टपोरे फोड. आबांच्या घरच्या आजींनी खोबरेल लावत माझी भरपूर कानउघाडणी केली. शीड मात्र भावाच्या मुलीनं शिवलं. ती तेव्हा नववीत होती. मांजरपाट आणून, घरच्या पायाच्या मशीनवर, एका दिवसात. जुन्या शिडाचा विरलेला तुकडा तिनं जमिनीवर पसरून त्यावरून माप घेतलं. शीड तिरप्या परबाणाला बांधायचं असल्यामुळे एक बाजू किंचित गोलाई देऊन कापावी लागते. ते तिला कुणी सांगितलं नाही, जुन्या कापडावरून तिनं ओळखलं.

२४ मेला होडी खाडीत नेली आणि आबांनी ती पाण्यानं भरून बुडवायला सांगितली. भाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, "दादा, बुडवूचीच होती तर हॉटेलाक दिली असती." पण ते बरोबर होतं. वाळलेली फळी पाणी पिऊन फुगते, काथ्याही फुगतो, आणि सांधे आपसूक आवळले जातात. दोन दिवस ती तळाशी होती. संध्याकाळी पोरं तिच्यावर उड्या मारत, पाण्याखाली जाऊन तिला शिवून येत. सगळी वाडी किनाऱ्यावर जमायची. कुणी कोकम सरबत आणायचं, कुणी उकडलेल्या आठळ्या. म्हातारी माणसं आपापल्या जुन्या होड्यांची नावं काढत. कुठली होडी कुठल्या तुफानात गेली, कुणी कुठल्या वाऱ्याला किती वेळात वेंगुर्ला गाठलं. वर्षानुवर्षं संध्याकाळी टीव्हीसमोर बसणारी ही माणसं एका बुडालेल्या होडीभोवती बोलत बसली होती. माझ्या दोन्ही कादंबऱ्या पिशवीतच राहिल्या. त्याहून सुखाचा उन्हाळा मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी उपसलं. होडी वर आली आणि वरच राहिली. एका सांध्यातून थोडं झिरपत होतं, तो माझा सांधा.

२८ मेच्या पहाटे आम्ही निघालो. आबा सुकाणूपाशी, भाऊ दोरीवर, मी आणि पुतणी मधल्या फळीवर. कोकणात वाऱ्याचं वेळापत्रक असतं. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. शिडाच्या होड्या शतकानुशतकं याच दोन वाऱ्यांवर सकाळी बाहेर पडत आणि दुपारी घरी येत. शीड चढवलं. काही झालं नाही. मी अस्वस्थ झालो. आबा म्हणाले, "वारो काय आपलो नोकर नाय. येतलो तेवा येतलो." पाच मिनिटांनी मांजरपाट फुगला, परबाण कुरकुरलं आणि होडी सरकली. इंजिनाची सवय झालेल्या माणसाला सगळ्यात आधी जाणवते ती शांतता. फळीखालून पाणी जाताना आवाज येतो आणि त्या आवाजाबरोबर पायाखालची फळी किंचित हलते. मोडल्यासारखी नाही, श्वास घेतल्यासारखी. पहिल्यांदा मी घाबरलो. मग समजलं, टाके आपलं काम करताहेत.

खाडीच्या मुखाशी लाटा सुरू झाल्या तशी होडी कलली. आबांनी पुतणीला उलांडीच्या दांड्यावर सरकून बसायला सांगितलं आणि परतीच्या वाऱ्याला सुकाणू तिच्या हाती दिलं. "धर, पन आवळू नको." एवढीच शिकवण. त्यांना समोरचं दिसत नव्हतं. गालावर वारा कुठून लागतो यावरून ते दिशा सांगत होते आणि ती डोळ्यांनी पाहून होडी नेत होती. साडेबाराच्या सुमारास आम्ही वाळूला लागलो. भावानं हॉटेलवाल्याला फोन केला. मी हप्ते भरले.

ही गोष्ट इथे संपली असती तर ती छान संपली असती. पण शिवलेल्या होडीचा एक दोष आहे. तिचे टाके सैल पडतात. वर्षा-दोन वर्षांनी ती उसवून पुन्हा शिवावी लागते. मला वाटायचं, यामुळेच ती मागे पडली. आता वाटतं, यामुळेच ती दोन हजार वर्षं टिकली. विचार करा, खिळ्यांची होडी एकदा बांधली की निदान काही वर्षं सुताराला कुणी विचारत नाही. फायबरची होडी तर कारखान्यातून येते. शिवलेली होडी मात्र दर एक-दोन वर्षांनी माणसाला बोलावते. एक आत, एक बाहेर. आतला म्हातारा, बाहेरचा पोर. सत्तर वर्षांपूर्वी आबा दोरी ओढायला होते ते असेच. होडीचा कच्चेपणा हीच तिची शाळा होती. नऊ वर्षं ती मांगरात पडली, तेव्हा लाकडापेक्षा ती शाळा बंद पडली, हे नुकसान मोठं होतं.

जगात इतरत्रही हा टाका अधूनमधून डोकं वर काढतो. १९६३ साली लंडनच्या 'डेली मिरर' या वृत्तपत्राच्या पुढाकारानं सामान्य कुटुंबाला घरी जोडता येईल अशी एक छोटी शिडाची होडी निघाली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती आखली. प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेनं शिवायचे आणि सांध्यावर फायबरची पट्टी चिकटवायची. लाल शिडाच्या अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या झाल्या आणि तिकडच्या कितीतरी कामगार कुटुंबांचे उन्हाळे पाण्यावर गेले. पुढे टिम सेव्हरिन या साहसी लेखकानं ओमानमध्ये काथ्यानं शिवलेलं 'सोहार' हे जहाज बांधून घेतलं. १९८०-८१ साली ते मस्कतहून चीनमधल्या कँटनपर्यंत शिडावर गेलं. हे जहाज नंतर मस्कतला एका चौकात, वाहतुकीच्या बेटावर चढवून ठेवलं. सन्मानानंच ठेवलं. पण ते वाचताना मला हॉटेलची बाग आठवली.

२०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे मी गावी जाऊ शकलो नाही. होडी शिवायचं ते वर्ष होतं. मी मनातून ती सोडूनच दिली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुतणीनं फोटो पाठवला. होडी वाळूवर, नवे टाके पिवळेधमक. आबा अंगणात खुर्चीवर बसून टिचक्या ऐकत होते आणि बाप-लेकीनं ती शिवली होती. ज्या भावाला ती विकायची होती, तो आत बसून दोरी सारत होता. पुढच्या वर्षी १६ मेला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. मांगराची कौलं उडाली, एक माड आडवा झाला, होडीची उलांडी मोडली. पांगाऱ्याचं लाकूड शोधून त्यांनी ती पुन्हा बांधली. २०२२ च्या श्रावणात आबा गेले.

नंतर २०२५ साली मे महिन्यात कारवारला भारतीय नौदलानं 'कौंडिण्य' नावाचं शिडाचं जहाज दाखल करून घेतलं. गोव्यात बांधलेलं, केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी काथ्यानं शिवलेलं. त्याचा नमुना आपल्या अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्रावरून घेतलेला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला ते पोरबंदरहून निघालं आणि २०२६ च्या जानेवारीत मस्कतला पोचलं. अभिमानाची गोष्ट आहेच. बातमी वाचून मी पुतणीला फोन केला. तिचा पहिला प्रश्न असा होता, की दोरी त्यांनी कुठल्या पाण्यात कुजवली? मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न सुचलाही नव्हता.

आमचं आताचं काम लहान आहे. आबांच्या माळ्यावरची दोरी संपली. त्यामुळे पुतणीनं यंदा सोडणं गोळा करून खाडीच्या चिखलात पुरली आहेत. वर दगड ठेवलेत आणि भरतीला वाहून जाऊ नयेत म्हणून खुंटाला बांधलीत. ती काढायच्या वेळी मी गावी असेन. टाके घालायला नव्हे, ते काम आता तिचं. मी दोरी ओढायला जाणार आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)